शोभेचे मासे आणि आपली जीवदया

गेल्या दशलक्षण पर्वातली गोष्ट. प्रवचन संपलं, आम्ही बायका चटया गुंडाळत होतो, तेव्हा म्हापशाहून आलेल्या एका ताईने सगळ्यांना नव्या घरी बोलावलं. "हॉलमध्ये चार फुटांची माशांची टाकी करतोय, बघायला या," ती कौतुकाने म्हणाली. कुणी काही विचारायच्या आतच पुढे म्हणाली, "सगळ्या गोव्यात मासा दिसला की लोकांना कढई आठवते. निदान आमच्या घरात तरी तो सुखरूप राहील. हीसुद्धा जीवदयाच की!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. डिचोलीच्या बसमध्ये बसल्यावर माझी मलाच लाज वाटली. ती म्हणाली ते खरं नाही, हे मला ठाऊक होतं. का खरं नाही, तेही ठाऊक होतं. त्या दिवशी बोलायला हवं होतं ते आता लिहिते.

बोलायचा अधिकार मला आहे, कारण टाकी माझ्याही घरात आहे. 2017 साली धाकटा मुलगा नववीत असताना त्याने हट्ट धरला. कुत्रा नको, मांजर नको, ती मांस खातात, असं मीच म्हटलं होतं. मासे बिचारे निरुपद्रवी, असं वाटलं. एका दुकानातून दोन फुटी टाकी, रंगीत खडे, फिल्टर, प्लास्टिकची झाडं आणि पंधरा मासे असं सगळं एकाच दिवशी सर्वणला घेऊन आलो. सहा निऑन, चार गप्पी, दोन मॉली, दोन एंजल आणि 'घाण खाणारा' म्हणून दिलेला एक काळा सकर. दुकानदाराने सांगितलं, "पाणी चोवीस तास उघडं ठेवा, की झालं." शेजारची वहिनी डोकावून गेली आणि हसत म्हणाली, "वैनी, तुमी नुस्तें खायनात, आनी घरांत पोसतात?" नुस्तं म्हणजे मासळी. मीही हसले. आता वाटतं, त्या हसण्यात एक सरळ प्रश्न होता आणि मला त्याचं उत्तर देता आलं नव्हतं.

बारा दिवसांत नऊ मासे मेले. सहाच्या सहा निऑन आणि तीन गप्पी. एक मेला की मी टाकी पूर्ण रिकामी करायची, खडे आणि फिल्टर नळाखाली चोळून धुवायची, नवं पाणी भरायची. स्वच्छतेची आपली सवय! दुसऱ्या दिवशी आणखी एक पोट वर करून तरंगायचा. सूर्यास्ताच्या आत जेवणारी, भाजीचं पान उलटून अळी बघणारी मी, आणि बारा दिवसांत नऊ पंचेंद्रिय जीव माझ्या हातून गेले. होय, पंचेंद्रिय. मासा जलचर तिर्यंच आहे आणि आपल्याइतकीच पाच इंद्रियं त्याला आहेत, हे पाठशाळेतलं पोरगंही सांगतं.

ते का मेले हे मी नंतर वाचून काढलं. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. नदीत तो वाहून जातो, साठ लिटरच्या काचेत कुठे जाणार? तो साचतो आणि माशाचे कल्ले जाळतो. टाकीत काही सूक्ष्म जिवाणू वाढले तर ते या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, कारण त्याने माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच कमी घातक असतं, झाडं ते थोडं शोषतात आणि उरलेलं दर आठवड्याला पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात, आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे रीतसर टाकी लावायची तर महिना-दीड महिना ती माशांविना चालवावी लागते. रोज किंचित अमोनिया मिळेल अशी सोय करायची, टेस्ट किटने पाणी तपासायचं, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मग दोन-चार मासे आणायचे, एकदम पंधरा नव्हे. मी पंधरा मासे पहिल्याच दिवशी सोडले आणि वर क्लोरिनच्या पाण्याने स्पंज धुऊन जिवाणूंची वस्ती दर वेळी मारून टाकली. दुकानदाराने यातलं काही सांगितलं नाही. पण मीही विचारलं नव्हतं. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचणारी मी, जिवंत प्राणी मात्र काही न विचारता घरी घेऊन आले.

हे वाचताना मला सासूबाईंची फार आठवण झाली. विहिरीचं पाणी त्या दुहेरी फडक्याने गाळायच्या. फडक्यात राहिलेले जीव, त्याला आपण जिवाणी म्हणतो, ते फडकं उलटं करून थोड्या गाळलेल्या पाण्यात सोडायच्या आणि तो पोहरा हळूच विहिरीत खाली, पाण्याला टेकेपर्यंत नेऊन रिकामा करायच्या. वरून ओतायच्या नाहीत, जीवांना मार लागतो म्हणून. आणि पाणी ज्या विहिरीचं, जिवाणी त्याच विहिरीत. एकदा मी घाईत दुसऱ्या विहिरीत ओतायला निघाले तर ओरडल्या होत्या, "एका पाण्याचा जीव दुसऱ्या पाण्यात जगत नाही गं." तेव्हा मला तो सोवळ्यासारखा प्रकार वाटला होता. माशांचं शास्त्र वाचलं तेव्हा कळलं, त्या अक्षरशः खरं बोलत होत्या. निऑन मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला, त्याला मऊ, आम्लधर्मी पाणी लागतं. मॉलीला कठीण पाणी लागतं. दोघांना एकाच टाकीत घालून दुकानदार विकतो आणि आपण घेतो. घरात टाकी आणणाऱ्या किती जणींनी आपलं पाणी मऊ की कठीण हे तपासलं? ज्या धर्माने पाण्यातल्या न दिसणाऱ्या जिवाचंसुद्धा घर ओळखलं, त्या धर्माच्या घरात बोटभर लांबीच्या, डोळ्यांना दिसणाऱ्या जिवाचं घर कुणी विचारत नाही.

आता मुख्य मुद्दा. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात शिकतो, परीक्षेला पाठ करतो आणि विसरतो. त्यांतला पहिला कोणता? बंध. जिवाला त्याच्या इच्छेप्रमाणे फिरू न देता अडकवून ठेवणं. मारणं नंतर येतं, आधी अडकवणं येतं. दोन फुटांच्या काचेत मासा दिवसभर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जातो आणि वळतो. आपण म्हणतो, "बघा कसा नाचतोय."

दुसरा वध, म्हणजे इथे मारझोड. ती कुणी करत नाही, पण पाहुण्यांची मुलं काचेवर टिचक्या मारतात आणि आपण कौतुक करतो. माशाच्या अंगावर कुशीने जाणारी एक संवेदनरेषा असते, पाण्यातला बारीकसा हेलकावाही त्याला तिथे जाणवतो. ती टिचकी त्याला काय वाटत असेल! तिसरा छेद, अवयव कापणं वा टोचणं. ग्लास फिश नावाचा पारदर्शक मासा आपल्याच देशातला. त्याला सुईने रंग टोचून गुलाबी-निळे पट्टे काढतात आणि 'रंगीत ग्लास फिश' म्हणून विकतात. हा रंग काही काळाने विरतो, तोवर मासाच जगला तर. चौथा अतिभारारोपण, झेपणार नाही इतका भार घालणं. बैलगाडी आता कुणाकडे नाही, पण साठ लिटरमध्ये पंधरा मासे हा भारच होता. पाचवा अन्नपाननिरोध. मासे चेन्नईच्या कोळत्तूरहून, कोलकात्याहून प्राणवायू भरलेल्या प्लास्टिक पिशव्यांतून देशभर जातात आणि पाणी घाण होऊ नये म्हणून निघण्यापूर्वी त्यांना उपाशी ठेवतात. आपण पर्वात उपवास करतो तो आपल्या इच्छेने. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. अहिंसेचे पाचही अतिचार एका शोभेच्या वस्तूत सापडावेत, आणि तिला आपण जीवदया म्हणावं!

अजून एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या स्वयंपाकघराशी जोडलेली आहे. माशांच्या खाद्याचा डबा उलटा करून वाचा. फिशमील, म्हणजे वाळवून दळलेले मासे, हे बहुतेक डब्यांवर यादीत अगदी वर असतं. त्याच्या सोबतीला कोळंबीचं पीठ. किनाऱ्यावर निघालेल्या तारल्यांचा मोठा वाटा अशाच पिठासाठी जातो. काही जण आणखी हौशीने वाळवलेले ब्लडवर्म आणि ट्यूबिफेक्स घालतात. त्या अळ्या आणि किडे असतात. वर्षभर कांदा-लसूण न येणाऱ्या घरात टीव्हीशेजारच्या खणात मेलेल्या माशांच्या पिठाचा डबा असतो, आणि तो रोज सकाळी देवदर्शनाहून आल्यावर आपल्याच हाताने उघडला जातो. वनस्पती खाणारे मासे असतात, शेवाळाच्या चकत्या मिळतात, उकडलेली काकडी चालते, हे खरं. पण आपण मासे निवडतो ते रंग बघून, त्यांचं खाणं बघून नाही. मांजर नको म्हणणारी मी याच खड्ड्यात पडले.

आता ताईंच्या बाजूने जे बोललं जातं ते बघू. मीही ते सगळं बोलून झालेलं आहे.

"दुकानात ते मेलेच असते, आपण वाचवले." दुकानातून एक मासा उचलला की ती जागा रिकामी राहत नाही. पुढच्या आठवड्यात तिथे दुसरी पिशवी येते. आपण पैसे देऊन त्या दुसऱ्याला बोलावणं धाडलेलं असतं.

"मग पांजरपोळही बंधच की!" नाही. पांजरपोळात येतो तो म्हातारा, लंगडा, सोडून दिलेला जीव. दिल्लीच्या लाल मंदिरातलं पक्ष्यांचं धर्मार्थ रुग्णालय 1929 पासून आहे. तिथे पक्षी बरा झाला की सोडून देतात. आपल्या टाकीतला मासा आजारी नव्हता, आणि आपण त्याला सोडण्यासाठी आणलेला नव्हता.

"मुलांना दया शिकायला मिळते." माझ्या मुलाने काय शिकलं ते सांगते. पहिला निऑन मेला तेव्हा तो रडला. पाचवा मेला तेव्हा म्हणाला, "आई, रविवारी नवीन आणूया ना." त्याचा दोष नाही. मेलेल्याच्या जागी काही रुपयांत दुसरा मिळतो, हे त्याला आम्हीच शिकवलं होतं. मुलांना मासे दाखवायचेच असतील तर आपल्या तालुक्यात काय कमी आहे? पहिला जोराचा पाऊस झाला की ओहोळांतून, शेतांच्या बांधांवरून मासे प्रवाहाच्या उलटे चढतात. चढणीचे मासे. लोक ते पकडायला जातात, आपण बघायला जाऊ. छत्री घेऊन काठावर अर्धा तास उभं राहिलं की मुलाला कळतं, मासा म्हणजे काय ताकदीचा जीव आहे. काचेतल्या माशाकडून ते कधी कळत नाही.

आणि चौथं, जे कुणी मोठ्याने बोलत नाही: वास्तू. ईशान्येला टाकी, आठ सोनेरी मासे आणि एक काळा. घरावरचं संकट तो काळा स्वतःवर घेतो आणि मरतो. त्याच्या जागी दुसरा काळा आणायचा. मैत्रिणींनो, आपला कर्मसिद्धांत काय सांगतो? ज्याचं कर्म त्यालाच भोगायचं. तीर्थंकरसुद्धा दुसऱ्याचं कर्म स्वतःवर घेत नाहीत, आणि आपण ते काम एका गोल्डफिशवर सोपवतो! शिवाय तो बिचारा संकटाने मरत नाही. गोल्डफिश थंड पाण्यातला मासा. आमच्याकडे निऑनला हीटरही लागत नाही, इतकं पाणी आपोआप ऊन असतं. वैशाखात ते आणखी तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. नऊ गोल्डफिश एका टाकीत कोंबले की त्यांतले काही मरणारच. त्यालाच आपण 'संकट टळलं' म्हणतो.

काचेच्या गोल बरणीत एकटा फायटर ठेवणं हा त्याहून वाईट प्रकार. 2017 सालीच केंद्र सरकारने माशांच्या दुकानांसाठी नियम काढले होते, त्यांत बरणीत मासे ठेवायला मनाई होती. पुढे ते नियम मागे घेतले गेले. सरकारने मागे घेतले म्हणून आपलं व्रतही मागे गेलं असं होत नाही.

यावर एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करते. मनापासून अभ्यास करणारे लोक आहेत. ते मोठ्या टाक्या लावतात, खरी झाडं लावतात, एकाच मुलखातले मासे ठेवतात, आणि त्यांचे मासे वर्षानुवर्षं जगतात. त्यांच्या ज्ञानाबद्दल मला आदर आहे, मी त्यांच्याच लिखाणातून शिकले. त्यांनी त्याला छंद म्हणावं. माझं भांडण आपल्या शब्दाशी आहे. छंदाला आपण जीवदया म्हटलं की त्यातली हिंसा दिसेनाशी होते, आणि मग दर महिन्याला नवे मासे आणूनही मन स्वच्छ राहतं.

मृगसेन धीवराची कथा आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. मुनींनी त्याला एवढंच सांगितलं की जाळ्यात येणारा पहिला मासा सोडून दे. त्याने तो सोडला, आणि तोच मासा पुन्हा पुन्हा जाळ्यात आला तरी पुन्हा पुन्हा सोडला. मासेमारीवर पोट असलेला माणूस एका माशाला त्याच्या पाण्यात परत जाऊ देतो, ही त्या कथेची थोरवी. आणि नेमिनाथ? लग्नाच्या वरातीत असताना कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश ऐकून ते मांडवातून माघारी फिरले. त्यांच्या नावाच्या बस्तीचे अवशेष आपल्या गोव्यात बांदोड्याला आहेत, आपण सहलीने तिथे जाऊन फोटो काढतो. मासा आक्रोश करत नाही, एवढाच फरक. त्याला आवाज नाही म्हणून आपण त्याला हॉलमध्ये ठेवू शकतो.

टाकी घरात आहे त्यांनी काय करावं? पहिलं, मासे नेऊन वाळवंटी नदीत, विहिरीत किंवा मयेच्या तळ्यात सोडू नका. मृगसेनाने मासा त्याच्याच पाण्यात सोडला होता. आपण सोडला तर एक तर तो मरेल, नाहीतर माजेल आणि इथल्या माशांचं अन्न आणि जागा खाईल. हा सकर मासा देशात कित्येक नद्या-तळ्यांत असाच पसरला आहे. दुसरं, आणलेत तर आता नीट सांभाळा. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला, नळाचं असेल तर क्लोरिन मारून. स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. खाणं दोन मिनिटांत संपेल इतकंच. पावसाळ्यात वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा हवेचा पंप ठेवा.

खाण्याचं मुद्दाम सांगते. 2018 च्या फेब्रुवारीत आम्ही श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेकाला गेलो, नऊ दिवस. शेजारच्या मुलीला चिमूटभर खाद्य घालायला सांगितलं होतं. तिने प्रेमाने दिवसातून तीनदा घातलं. न खाल्लेलं सगळं कुजलं. आम्ही बाहुबलीच्या मस्तकावरून ओघळणारं दूध डोळे भरून बघत होतो, आणि इकडे उरलेला गप्पी आणि दोन्ही मॉली मेले. परत आले तेव्हा ती पोर दारात रडत उभी होती. तिला काय सांगणार? टाकी तिची नव्हती.

उरले दोन एंजल आणि सकर. सकर हातभर वाढला म्हणून चार फुटी टाकी घ्यावी लागली. अपरिग्रहाची ही गत! एक एंजल मागच्या वर्षी वय होऊन गेला. त्याच्या जागी दुसरा आणला नाही. शेवटचे दोघे आहेत तोवर टाकी चालेल, मग काच भंगारात जाईल. घरात कुणीतरी सतत हवं म्हणून मी त्यानंतर एकाही लांबच्या यात्रेला गेलेले नाही. तक्रार नाही. बंध त्यांच्यावर मी घातला, थोडा माझ्यावरही पडू दे.

येत्या दशलक्षणात उपवासाचे नियम घेऊ तेव्हा एवढा एक नियम आणखी घेऊ या: टाकीतला मासा गेला की त्याच्या जागी दुसरा आणायचा नाही. आणि टाकी नसेल तर आणायची नाही.

म्हापशाच्या ताई, तुमच्या घरी मी येणार आहे. मासे अजून आणले नसतील तर टाकीत माती भरून दारची फुलझाडं लावू. आणले असतील तर टेस्ट किट माझ्या पिशवीत असेल. आपण दोघी मिळून पाणी तपासू.